कारीजकाकांचा संसार

माझी दोन लग्नं झाली. पहिला नवरा जर्दाळूच्या झाडावरून पडून गेला. जर्दाळू काढायला चढला असता तर गोष्ट वेगळी. शेजारच्या अंगणात कोण आलंय ते बघायला चढला होता. असो, मी त्याला माफ केलंय. दुसरा नवरा अजून आहे. तो जमिनीखाली राहतो. डोंगराच्या पायथ्याशी त्याचं डोकं आणि गावाच्या वेशीवर त्याचे पाय, असा आडवा पसरलेला असतो. बोलत नाही, घोरत नाही, दाढी टोचत नाही, आणि थंडीत त्याचं अंग कोमट असतं. नवऱ्याकडून याहून जास्त मागणारी बाई मला तरी शहाणी वाटत नाही.

हा माझा नवरा म्हणजे आमच्या नरगिसाबादचा कारीज. गावाच्या नावात नर्गिसची फुलं आहेत, गावात मात्र एकही नाही. चहूकडे वाळू, आणि वाळू संपली की मीठ. कुणा जुन्या माणसांनी डोंगराखालचं पाणी हेरून तिथून गावापर्यंत भुयार खोदलं. त्या भुयारातून उताराउताराने येणारं पाणी हेच आमचं सगळं. पिणं त्याच्यावर, गहू त्याच्यावर, डाळिंबंही त्याच्यावरच. आमच्याकडे कारीज एक तर बाई असतो नाहीतर बाप्या. संथ, एकसारखं पाणी देणारी ती बाई. आमचा कधी उसळून येतो, कधी रुसून बसतो, म्हणून बाप्या. आणि एकटा बाप्या फार दिवस नीट वागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे पाणी आटलं की गाव त्याला एखादी विधवा बघून देतं.

मी नुकती विधवा झाले तेव्हा तो असाच रुसला होता. आत्ताच्या मुल्लांच्या वडिलांनी रीतसर निकाह लावला, आत्ताचा मुखिया हाजी नुसरत याचा बाप साक्षीला बसला, साखरेची ढेप फुटली. करार साधा होता. दर सुगीला प्रत्येक घराने मला गहू द्यायचा. मी महिन्यातून एकदा तरी त्याच्या पाण्यात अंघोळ करायची आणि दुसऱ्या पुरुषाकडे बघायचं नाही. गावातले पुरुष पाहता ही शेवटची अट काही जड नव्हती. त्या वर्षी डोंगरावर भरपूर बर्फ पडलं आणि वसंतात पाणी वाढलं. बर्फाचं मला कळत होतं, मी काही खुळी नाही. पण बायका येऊन माझं अभिनंदन करू लागल्या, तेव्हा मी मान खाली घालून ते घेतलं.

तेव्हापासून मी गावाची बीबी माहसुलतान. लग्नकार्यात मला वरची जागा, आणि माझ्यासमोर कुणी पाणी सांडलं तर त्याची खैर नाही.

गोष्ट घडली त्या वर्षी शाळेवर नवे मास्तर आले, आगा बीझन. यज्द शहरचा पोरगा, लष्करी नोकरीऐवजी खेड्यांत शिकवायला धाडतात त्या शिक्षणाच्या पलटणीतला, अंगात खाकी गणवेश आणि मिशी अजून विचारात पडलेली. त्याला वर्गात पाण्याची बचत शिकवायची होती. त्यासाठी सरकारकडून एक रंगीत तक्ता आला होता. तक्त्यावर एक गुबगुबीत मुलगा दात घासत होता आणि त्याच्याशेजारी भिंतीतून पाणी गळत होतं. मास्तरांनी विचारलं, "या मुलाचं काय चुकतंय?"

पोरांनी तक्ता नीट न्याहाळला. मग एकाने हात वर केला. "आगा मास्तर, त्या भिंतीला नाक का आहे?"

नरगिसाबादमध्ये तोवर कुणी नळ बघितला नव्हता. मास्तर स्वतःच हसले, यावरून मुलगा चांगला आहे हे मी ताडलं. त्यांनी तक्ता गुंडाळून खिडकीच्या फटीत खुपसला, वारा यायचा तो थांबला, आणि दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात उभे राहिले.

"बीबी, तुम्ही एकदा वर्गात या. पाणी कसं जपायचं ते मुलांना सांगा. ऐकलंय की तुमचं त्याच्याशी... म्हणजे, नातं आहे."

"नातं नाही रे, लग्न आहे. लाजतोस कशाला? तुझं झालंय का?"

"नाही अजून."

"मग तुला काय कळणार!" मी म्हटलं आणि चादर डोक्यावर घेऊन निघाले.

वर्गात शिरल्या शिरल्या मी मुद्द्याला हात घातला. "कारीज माझा नवरा. मग तुमचा कोण?"

"काका!"

"काकाच्या अंगावर कुणी मुततं का?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. मागून कुणीतरी चाचरत म्हणालं, "सफदरकाकाच्या अंगावर मी मुतलोय."

"केवढा होतास तेव्हा?"

"तान्हा."

"मग तुला माफ. बाकीच्यांनी मुतलं तर मला कळतं, हे लक्षात ठेवा. मी त्याच पाण्यात अंघोळ करते."

अशी आमची शाळा सुरू झाली. कारीज जिथे जमिनीतून बाहेर येतो तिथे वरच्या अंगाला प्यायचं पाणी भरायचं, त्याच्या खाली हातपाय, त्याच्या खाली कपडे, सगळ्यात खाली गाढव. क्रम मोडील त्याने गाढवाच्याही खाली जाऊन बसायचं. भांडी राखेने घासायची. मसूर धुतलेलं पाणी कोंबडीपुढे ठेवायचं, कोंबडीने लाथाडलेलं डाळिंबाच्या बुंध्याशी ओतायचं. तोंड धुताना ओंजळ आधी भरायची आणि मग विचार करायचा, आधी विचार करत पाणी सोडायचं नाही. मी सांगायचे आणि पोरं घरोघर जाऊन थोरामोठ्यांचा जीव नकोसा करायची.

त्यातली पुढारी नीमताज. गुलअंदामची मुलगी, बाप तापाने गेलेला, दोन दात पडलेले आणि जीभ मात्र पुरेपूर जागेवर. ही एक दिवस मशिदीच्या हौदाशी जाऊन उभी राहिली. आमचे मुल्ला यदुल्ला देवमाणूस, पण त्यांना धुण्याचा संशय. नमाजाआधी हात धुतला तरी तो धुतला गेला का, अशी शंका येऊन ते पुन्हा धुणार, मग पहिला हात वाळला म्हणून पुन्हा. नीमताजने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "मुल्लाजी, डावा हात केव्हाच स्वच्छ झाला. आता सोडा त्याला, बिचारा सुरकुतला."

मुल्लांनी हात झटकले, तिच्याकडे डोळे वटारले, आणि त्या दिवसापासून ते जरा लवकर उरकू लागले. तशी त्यांना पाण्याची काळजी होतीच. मशिदीच्या भिंतीपलीकडे त्यांनी काकड्या लावल्या होत्या, आणि त्या काकड्या कारीजच्या अगदी शेवटच्या टोकाला होत्या.

कारण पाणी उतरत चाललं होतं. आणि का उतरत होतं ते गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. आमचा मुखिया हाजी नुसरत याने डोंगराच्या पायथ्याशी, कारीजच्या डोक्याजवळच जमीन घेतली, तिथे खोल विहीर पाडली आणि यज्दहून ट्रकवर घालून डिझेलचं इंजिन आणलं. ते रात्रंदिवस ठक ठक ठक करायचं आणि हाजीच्या पिस्त्याच्या बागेत मनगटाएवढी धार पडायची. इकडे माझ्या नवऱ्याचं पाणी घोट्यापर्यंत होतं ते बोटाच्या पेरावर आलं. पण निम्मं गाव हाजीच्या बागेत मजुरीला, उरलेलं निम्मं त्याच्या मेहेरबानीवर. इंजिनाचं नाव कोण काढणार? सगळे म्हणायचे, कारीज रुसलाय.

मग एक दिवस हाजी दोन म्हाताऱ्यांना घेऊन माझ्याकडे आला. मी चहा ठेवला. हाजीने साखरेचा खडा दातात धरला आणि सुरुवात केली.

"बीबी, मनाला लावून घेऊ नका. नवरा तुमच्यावर नाराज आहे."

"तुमच्या कानात येऊन सांगितलं का त्याने?"

"पाणीच सांगतंय की."

"पाणी तुमच्या इंजिनापासून उतरलंय, हाजी."

"इंजिनाचा काय संबंध? माझी विहीर माझ्या जमिनीत." हाजीने चहाचा फुर्रकन घोट घेतला. "अहो, तो बाप्या आहे. तुमचं वय झालं. त्याला तरुण बायको हवी. गावाने गुलअंदामला पसंत केलंय. शुक्रवारी आधी तिचा निकाह लावू आणि मग तुमचा तलाक. मध्ये एक घटकाही तो बिनबायकोचा राहायला नको. कारीजचा वकील मी आहेच."

मी त्या दोन म्हाताऱ्यांकडे बघितलं. एकाचा मुलगा हाजीच्या बागेत होता, दुसऱ्याच्या वाटाण्याला हाजीचं पाणी मिळत होतं. दोघेही पेल्यातल्या चहात काहीतरी हरवल्यासारखे शोधत होते.

ते गेल्यावर मी भांडी आपटली. मला मूल नाही, शेत नाही. सुगीचा गहू बंद झाला की मी दारोदार जायचं हे उघड होतं. पण खरं सांगते, त्या संध्याकाळी मला गव्हाने रडवलं नाही. इतकी वर्षं मी या लग्नाची टिंगल केली, त्याला आळशी म्हटलं, मुका म्हटलं, आणि आज कुणीतरी त्याच्या वतीने मला टाकतोय म्हटल्यावर माझं काळीज खऱ्या बायकोसारखं तुटलं. याची मला लाज वाटली आणि त्यामुळे आणखी राग आला.

तेवढ्यात गुलअंदाम आली. दारातच बसून म्हणाली, "बीबी, मला नको हो तुमचा नवरा."

"का? काय वाईट आहे त्याच्यात?" मी फणकारले. सवतीने नवऱ्याला नाव ठेवलेलं मला खपेना.

"तसं नव्हे. शेजारच्या गावचा रजब नानवाई माझ्यासाठी विचारून गेलाय. नीमताजलाही आवडतो, तिला येताना गरम नान आणतो. पण मी हाजीच्या बागेत कामाला. नाही कसं म्हणू? आणि कारीजशी लागलं की मग जन्मभर दुसरं लग्न नाही." ती रडू लागली, मग मीही रडले, आणि आम्ही दोघींनी मिळून हाजीला अशा शिव्या दिल्या की भिंतीवरची पाल निघून गेली.

दुसऱ्या दिवशी वर्गात पोरं माझी वाटच बघत होती. "बीबी, तुम्ही काकांना काय केलंत? काका तुम्हाला सोडणार?"

माझं डोकं भडकलेलंच होतं. मी परात मागवली, तीत ओली वाळू थापली, एका बाजूने उंच केली. वाळूत एक पोकळ बोरू आडवा पुरला. वरच्या टोकाशी पाणी ओतलं की खालच्या टोकातून थेंब थेंब गळू लागलं. "हे काका," मी म्हटलं. मग वरच्या टोकाजवळ दुसरा बोरू उभा खुपसला. "आणि ही हाजीची विहीर. मास्तर, ओढ."

मास्तर बिचारे गुडघ्यावर बसले आणि बोरू तोंडात धरून जोर लावून ओढू लागले. खालचे थेंब मंदावले, मग थांबले. पोरं डोळे फाडून बघत राहिली.

"बघितलंत? काका रुसला नाही. काका माझ्यावर नाराजही नाही. काका रोज उठून हाजीच्या विहिरीकडे जातो, दिवसा जातो, रात्री जातो!"

 नीमताजने विचारलं, "म्हणजे विहीर काकांची दुसरी बायको?"

"असेल."

"निकाह झालाय का?"

"मला तरी कुणी साखर आणून दिली नाही!" मी म्हटलं आणि तरातरा घरी आले. मास्तर तोंडातली वाळू थुंकत होते, त्यामुळे पोरांना वेगळं काही समजावून सांगायला कुणी उरलं नव्हतं.

शुक्रवारी सगळं गाव मशिदीच्या अंगणात जमलं. मी माझी चांगली चादर घेऊन मुद्दाम पहिल्या रांगेत बसले. टाकायचं तर तोंडावर टाका. मध्ये आरसा, मेणबत्त्या, साखरेची ढेप, आणि नवरदेवाच्या जागी तांब्याच्या घागरीत कारीजचं पाणी. घागर अर्धीच भरली होती. गुलअंदाम बुरख्याखाली पिठाच्या पोत्यासारखी बसली होती. हाजी नवरदेवाचा वकील म्हणून घागरीशेजारी ऐटीत बसला.

मुल्ला यदुल्लांनी घसा साफ केला. "गुलअंदाम खानम, या कारीजशी तुमचा निकाह लावायला तुमच्या वतीने माझी वकिली मंजूर आहे?"

रीतीप्रमाणे बायका ओरडल्या, "नवरी फुलं तोडायला गेलीय!" आवाजात काही जीव नव्हता.

मुल्लांनी दुसऱ्यांदा विचारलं.

"नवरी गुलाबपाणी आणायला गेलीय!"

तिसऱ्यांदा नवरीने होकार द्यायचा असतो. मुल्लांनी विचारलं, गुलअंदामने श्वास घेतला, आणि पोरांच्या घोळक्यातून नीमताज उभी राहिली. "मुल्लाजी, मला एक शंका आहे. धर्माची."

धर्माची शंका म्हटल्यावर मुल्लांना नाही म्हणता येईना. "विचार, पण लवकर."

"पुरुषाला किती बायका चालतात?"

"चार. पण सगळ्यांना सारखं वागवायला हवं."

"आणि निकाह न लावता दुसरीकडे जात असेल तर?"

"तौबा तौबा! ते पाप आहे. आणि लहान मुलींनी असलं..."

"मग आमचे काका रोज हाजींच्या विहिरीकडे जातात. त्यांचा निकाह कुणी लावला?"

 बायकांच्या बाजूला कुणीतरी चादरीत तोंड खुपसून फिसकन हसलं आणि सगळीकडे खसखस पिकली.

"बसव त्या कारटीला!" हाजी गरजला. "विहीर काय बाई असते?"

"मग कारीज बाप्या असतो?" नीमताजने विचारलं.

"असतो तर!" माझ्या मागून एक बोळकं तोंड म्हणालं. "तुझाच बाप साक्षीला होता, हाजी. मी तिथलीच साखर खाल्ली."

मुल्ला दाढी कुरवाळू लागले. त्यांची अडचण मला दिसत होती. कारीज बाप्या नाही म्हणावं तर वडिलांनी लावलेला निकाह खोटा आणि आजचा तमाशा. बाप्या आहे म्हणावं तर बाप्या कुठे जातो, काय करतो, याचा विचार आला. तेवढ्यात तान्हेपणी सफदरकाकावर मुतलेला तो मुलगा उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "आणि हे सगळं हाजीआगांच्या आवारात चालतं!"

झालं. हाजीचा चेहरा डाळिंबासारखा लाल झाला. माणसाला पाणीचोर म्हटलेलं तो पचवतो. आपल्या आवाराला कुणी असलं नाव दिलेलं पचत नाही. बायका आता उघड हसत होत्या. हाजी ताडकन उठला.

"मग लावा तिचाही निकाह! आत्ताच्या आत्ता लावा! कुणाला तोंड उघडायला जागा नको!"

मुल्लांनी एकदा भिंतीपलीकडे आपल्या काकड्यांच्या दिशेने बघितलं. मग अत्यंत गंभीरपणे विचारलं, "मुलीचे वडील म्हणून तुमची संमती, हाजी?"

"आहे, आहे! उरका एकदा!"

मुल्लांनी उरकलं. विहिरीला मेहर म्हणून आरसा मिळाला, बायकांनी जीभ हलवून असा काही गजर केला की खांबावरची कबुतरं उडाली. हाजीने कपाळाचा घाम पुसला आणि विजयाने सगळ्यांकडे बघितलं.

"मुबारक असो," मुल्ला म्हणाले. "आता वाटणी. बायका झाल्या तीन. बीबी माहसुलतान, विहीर, आणि होकार दिला की गुलअंदाम. सगळ्यांना सारखा वेळ. म्हणजे तीन दिवसांतला एक दिवस विहिरीचा. बाकीचे दोन दिवस इंजिन बंद."

 आणि बुरख्याखालून गुलअंदाम, जी आतापर्यंत फुलं आणि गुलाबपाणी आणायला गेलेली होती, ती खणखणीत आवाजात म्हणाली, "मी राजी आहे!"

"थांबा!" हाजीने दोन्ही हात वर केले. "गुलअंदामचं राहू द्या. गरीब बाई आहे, मुलगी लहान आहे, कशाला तिला बांधून घालायचं? हा निकाह रद्द. फक्त बीबीचा तलाक तेवढा..."

आता माझी पाळी होती. मी उभी राहिले. "हाजी, तुम्ही कोण?"

"मी? कारीजचा वकील."

"ते मघाशी. आता तुम्ही विहिरीचे वडील. म्हणजे कारीजचे सासरे. सासरा जावयाचा वकील होऊन जावयाच्या पहिल्या बायकोला घराबाहेर काढतोय, हे कुठल्या गावात बघितलंत?"

आता सगळं गावावर होतं. माझ्या घरी चहात डोकं घातलेल्या त्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. इंजिनाबद्दल बोलायची त्यांची छाती नव्हती. पण हा प्रश्न इंजिनाचा राहिला नव्हता, घरातल्या रीतभातीचा झाला होता, आणि त्यावर बोलायला म्हाताऱ्यांना कुणाची भीती नसते.

"आमच्या गावात तरी नाही," एक म्हणाला.

"छे छे. शोभत नाही, हाजी," दुसरा म्हणाला.

अशी माझ्या घरात सवत आली. एक दिवस तिचा, एक दिवस माझा. माझ्या दिवशी सूर्य उगवला की इंजिन बंद, दुसऱ्या दिवशी उगवला की चालू. गुलअंदामचं महिन्याभरात रजबशी लागलं आणि नीमताजने रोज नान खाऊन गाल भरून आणले. माझ्या दिवशी वर्गातली पोरं इंजिनाच्या आवाजासाठी पाळीपाळीने कान देऊन बसायची. मुल्लांच्या एका काकडीने तर चक्क फूल धरलं. माझ्या नवऱ्याचं पाणी पेरावरून दुसऱ्या पेरावर चढलं, आणि मी अंघोळीला गेले की त्याला चार शब्द सुनावायचे: दोन बायका करून बसलास, आता निस्तर.

पण मग उन्हाळा तापला, पिस्ते भरायला आले आणि हाजीचा धीर सुटला.

माझा दिवस होता. वर्गात मी पाण्याच्या मडक्यावर ओलं फडकं का गुंडाळतात ते सांगत होते. मध्येच नीमताजने मान वर केली. सगळ्यांनीच केली. डोंगराकडून आवाज येत होता, ठक ठक ठक. नीमताज काही न बोलता उठली आणि बाहेर पडली. तिच्यामागे सगळा वर्ग गेला. मास्तरांनी खडू ठेवला आणि तेही गेले. पोरांना मार बसेल या धास्तीने मी चादर सावरत मागे धावले.

हाजीच्या बागेच्या दाराशी पोचले तेव्हा पोरं एका रांगेत उभी होती आणि घसा फोडून ओरडत होती, "हाजीआगा, काकांना घरी पाठवा! काकांना घरी पाठवा!"

ज्या घरचा बाप भलतीकडे रमतो त्या घरची मुलं अशीच दाराशी उभी राहतात. गावाने हे पूर्वी बघितलंय. हाजी बाहेर आला. "ओरडू नका! आज माझ्या झाडांना हवंय. उद्या बंद ठेवीन."

"काकांना घरी पाठवा!"

मशिदीकडून मुल्ला आले, हात ओलेच, दुसऱ्यांदा न धुता आलेले. बागेतून मजूर बायका आल्या, हाजीच्याच मजुरीवरच्या, आणि पोरांच्या मागे उभ्या राहिल्या. ते दोन म्हातारे आले. आधी एक पुटपुटला, मग दुसरा, आणि मग सगळ्या गावाने तेच म्हटलं, काकांना घरी पाठवा. इतके दिवस ज्या इंजिनाचं नाव कुणी काढत नव्हतं, त्याच्यासमोर सगळे उभे होते.

हाजीने माझ्याकडे बघितलं. "बीबी, तुम्ही तरी सांगा यांना."

माझ्या जिभेवर नेहमी काहीतरी तयार असतं. त्याच्या सासरेपणावर, त्याच्या पोटावर, त्याच्या बापावर. मी तोंड उघडलं आणि वेगळंच बाहेर आलं. "पाठवा हो त्यांना घरी," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. मी चादर तोंडावर घेतली आणि सगळ्यांसमोर रडले.

 हाजी मान खाली घालून इंजिनाकडे गेला. ठकठक मंदावली, दोनदा खोकली आणि बंद पडली.

आम्ही सगळे कारीज वेशीवर जिथे बाहेर येतो तिथे जाऊन बसलो. डोंगर लांब आहे, पाणी लगेच येत नाही. दुपार कलली तरी दगडावरून एक सुतळीएवढी धार वाहत होती. कुणी घरी गेलं नाही. मुल्लांनी कुठूनशा काकड्या आणल्या, विकतच्या, आणि वाटल्या. ऊन डोंगरामागे गेलं तेव्हा भुयारातून आधी गार वारा आला, आणि मग धार हळूहळू रुंद झाली, खालचा दगड बुडाला, त्याच्यावरचा बुडाला.

नीमताज माझ्या कानाशी आली. "बीबी, आले काका."

"हळू बोल," मी म्हटलं. "दमून आलेत."

मग मी डोळे पुसले आणि बघितलं, तर मास्तरांसकट सगळी पलटण पाण्यात पाय सोडून बसली होती.

"पाय काढा आधी!" मी ओरडले. "वरच्या अंगाला बसलात!"